ज्याची त्याची रेघ

शेख मास्तरांच्या शर्यतीत पहिला नंबर कुणाचाच यायचा नाही. दुसरा नाही, तिसरा नाही, आणि शेवटचा तर नाहीच नाही. शिट्टी वाजली की पहिलीची सोळा पोरं सुटायची आणि शेवटी धरलेल्या सुतळीला सोळाच्या सोळा छात्या एकदम लागायच्या. एखाद्याची छाती हातभर आधी लागली तर चेहरा पडायचा तो मास्तरांचा. "आपलं चुकलं," असं पुटपुटत ते खिशातली वही काढायचे आणि त्या पोराच्या नावापुढं काहीतरी लिहून ठेवायचे.

यात जादू वगैरे काही नव्हती. तुपाचा एक रिकामा डबा, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं आणि आत चुन्याची फक्की, एवढंच भांडवल. दुसऱ्या शाळांत सुरुवातीला एक रेघ मारतात आणि शेवटी एक. आमच्या मैदानावर शेवटी एक आणि सुरुवातीला सोळा. हरणासारखा पळणारा दगडू लिंबाच्या झाडाच्याही मागून, जवळजवळ शिपायाच्या पाण्याच्या रांजणापासून निघायचा. शकीला म्हणून एक इवलीशी पोरगी होती, ती सुतळीपासून दहा पावलांवर. बाकीचे मधे, जसा ज्याचा पाय. जो आधी पोचला त्याची रेघ पुढच्या आठवड्यात पाऊलभर मागं. "शेवटची रेघ एकच, पहिली ज्याची त्याची," हे मास्तरांचं पालुपद. दिवसातनं दहा वेळा तरी ऐकायला मिळायचं.

मी जाधवबाई. तिसरीचा वर्ग आणि फाटकं तोंड, अशी माझी ओळख हेडसर करून द्यायचे, आणि ती खोटी नाही. औरंगपुऱ्यातल्या त्या शाळेत मी नवी रुजू झाले तेव्हा निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शनला वीसेक वर्षं होऊन गेली होती. मास्तर त्याच्या आधीपासूनचे. पहिलीचा वर्ग आणि सगळ्या शाळेची कवायत त्यांच्याकडं. निजामाच्या काळात ते कवायत उर्दूत शिकले, मग हुकूम हिंदीत आले, मग मराठीत. शेवटी मास्तरांनी हुकूम देणंच सोडून दिलं आणि गळ्यात शिट्टी अडकवली. "हुकूम बदलते, बाई. पाय तेच ऱ्हाते," असं म्हणायचे.

पहिल्या दिवशी हेडसरांनी माझी ओळख करून दिली तेव्हा मास्तरांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. बघितलं ते पायांकडं. मग म्हणाले, "बाई, तुमचा डावा पाय आळशी आहे. उजव्याच्या जिवावर खातो."

"मास्तर, माझ्या तोंडाकडं बघून बोला," मी म्हटलं.

"तोंड झूट बोलतं, बाई. पाय नाय बोलत."

मी तिथंच चार शब्द सुनावले. पण घरी गेल्यावर दार लावून चपला उलट्या करून बघितल्या. उजवीची टाच पार झिजलेली, आणि डावी परवा घेतल्यासारखी. तेव्हापासून मी त्या माणसावर डूख धरून होते.

त्यांच्या वर्गाची हजेरी एका पायावर व्हायची. आपलं नाव येऊन "हजर" म्हणेपर्यंत दुसरा पाय टेकायचा नाही. ज्यांची नावं शेवटी त्यांचे हाल व्हायचे, म्हणून एक दिवसाआड हजेरी उलटी. मग फक्कीच्या रेघेवरून भरलेला तांब्या घेऊन चालणं, तळहाताच्या मागच्या बाजूला पाच चिंचोके ठेवून उकिडवं बसणं आणि उठणं, चिंध्यांचा चेंडू डाव्या हातानं फेकणं. पडायचं कसं तेसुद्धा शिकवायचे. अंग सैल सोडून, गोणपाटावर, हसत. पोरांना वाटायचं हा खेळ आहे. मास्तर मात्र सोनारासारखे डोळे बारीक करून बघत असायचे.

हीच पोरं पुढं माझ्या तिसरीत यायची. मी साताचा पाढा विचारला की उठून एक पाय वर.

"खाली ठेव तो पाय," मी म्हणायची.

"बाई, वर असला की आठवतं."

एकदा मी तणतणत मास्तरांकडं गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पाढा येतो का त्याला?"

"येतो की."

"मंग?"

मी परत आले आणि त्या पोराला म्हटलं, "घे बाबा, दोन्ही वर घे."

आमच्या गल्लीतल्या एका कापडवाल्या शेठचा मुलगा पहिलीत होता. शर्यतीच्या दिवसासाठी शेठनी त्याला नवा सदरा शिवला, नातेवाईक बोलावले, आणि पोरगं इतर पंधरांबरोबर एकदम सुतळीला लागलेलं बघून भडकले. "ही कसली शर्यत, मास्तर? माझ्या पोराचा नंबर कितवा, ते सांगा."

मास्तरांनी शेठना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शेठ, जरा चार पावलं चालून दावा." शेठ काय कळायच्या आत चालले. मास्तर म्हणाले, "तुम्हाला सुतळीपासून तीन पावलांवर रेघ देतो. पोराबरोबर एकदम पोचाल." शेठच्या बायकोला आधी हसू आलं, मग सगळ्यांना. शेठ त्यानंतर शाळेच्या बाजूला फिरकले नाहीत, पण पोराला मात्र त्यांनी काढलं नाही.

रॉकेलच्या रांगेतही मास्तरांनी एकदा हाच प्रकार केला. डबा काढला आणि म्हाताऱ्यांना दुकानाजवळ रेघा मारून दिल्या. तरण्या पोरांच्या रेघा थेट कोपऱ्यावर. तिथं जी हमरीतुमरी झाली ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. दुकानदारानं शेवटी मास्तरांना हात जोडून सगळ्यात आधी रॉकेल दिलं आणि घरी पाठवलं. मास्तर जाताना कुरकुरत होते, "आपली रेघ तर लई मागं होती."

त्यांचं आणखी एक खूळ होतं. मधली सुट्टी झाली की सायकलवर टांग टाकायची आणि पडेगावचं घर गाठायचं. जाऊन येऊन दोन कोस. तास भरायच्या आत घामानं निथळत परत. पायजम्याच्या काठाला चुना, आणि सायकलला फक्कीचा दुसरा डबा. शाळेचा डबा शाळेत असताना हा दुसरा कशाला, हे कुणाला कळायचं नाही. आम्ही मास्तरीण मंडळी चेष्टा करायचो, की बायकोच्या, जैतुनभाभींच्या हातचं गरम खाल्ल्याबिगर ह्यांना दुपार सरत नाही. भाभींना आमच्यापैकी कुणी वर्ष-दीड वर्षात पाहिलं नव्हतं. आधी ईदला शाळेत शीरखुर्म्याचा डबा यायचा, तोही यायचा बंद झाला. "मास्तर चिकट झाले," असं मीच म्हटलं होतं. हे मी आता लपवणार नाही.

त्या साली शाळेचा पट घटला आणि एक शिक्षक जादा ठरला. एकाला अजिंठ्याला जावं लागणार होतं. यादी खाली खाली येत दोन नावांवर थांबली, मास्तर आणि मी. हेडसर म्हणाले, "दिपोटीसाहेब तपासणीला येणार आहेत. ज्याचा शेरा वाईट, त्याचं नाव मी पाठवतो. मला दोघंही सारखेच नकोसे आहात, त्यामुळं भेदभाव होणार नाही."

मी काही संतीण नव्हे. दोन लेकरं शाळेत, आमचे हे कोर्टात कारकून, अजिंठा एसटीनं तीन तास. मी माझ्या वर्गाला पोपटासारखं पढवायला लागले. मास्तरांचा शेरा वाईट येणार याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. सोळा रेघा बघून कुठला साहेब खूश होईल?

आणि तपासणीच्या चार दिवस आधी मास्तर हेडसरांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सर, साहेबांसाठी एकच रेघ मारतो."

मी तिथंच होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता की राग यायला पाहिजे होता, कोण जाणे. आला राग. ज्या माणसानं शेठला ऐकवलं, रॉकेलच्या रांगेत रेघा मारल्या, तो अजिंठ्याला भ्यायला? बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "मास्तर, अजिंठा काय काळं पाणी आहे का? एवढं नाक घासायला?"

"आपल्याला गाव सोडता येत नाय, बाई."

"का?"

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं आणि सायकल काढली. मधली सुट्टी झाली होती.

तपासणीच्या दिवशी मैदानावर खरंच एक रेघ होती, दोरी लावून मारलेली, सरळसोट. मास्तरांनी पोरांना तिच्यावर उभं केलं. साहेब खुर्चीत बसले. पहिल्या येणाऱ्याला आपल्या हातानं पेन देणार, असं त्यांनी जाहीर केलं. मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली, पण ती वाजायच्या आधीच दगडू रेघेवरून वळला आणि मागं निघाला. झाडापर्यंत, झाडाच्या मागं, रांजणापर्यंत. मग दुसरा निघाला, मग तिसरी. शकीला तुरुतुरु पुढं गेली आणि सुतळीपासून दहा पावलं उलटी मोजून उभी राहिली. सोळाही पोरं आपापल्या जागी. जमिनीवर एकही खूण नव्हती, पण पायांना पाठ होतं सगळं. तिथं उभं राहून ती मास्तरांकडं बघायला लागली, आता वाजवा म्हणून.

"अरे एका रेघेवर या रे," मास्तर म्हणाले. शिट्टी तोंडातून काढून दोन्ही हातांनी पोरांना बोलवायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"मास्तर, हीच आमची रेघ हाय," दगडू लांबून ओरडला. आपलं काही चुकतंय असं त्याच्या गावीही नव्हतं.

साहेब म्हणाले, "ही काय जत्रा चालली आहे? वाजवा शिट्टी." मास्तरांनी वाजवली. सोळा पोरं सुतळीला एकदम लागली, इतकी एकदम की मी नकळत टाळी वाजवली आणि मग हात पदराखाली घेतले. साहेब पेन घेऊन उठले. "पहिला कोण आला?" सोळा हात वर. साहेबांना वाटलं पोरं त्यांची थट्टा करताहेत. पेन खिशात गेलं आणि शेरेबुकात शेरा आला, 'शर्यतीत शिस्त नाही.' माझ्या पोपटांना मात्र 'उत्तम' मिळालं.

म्हणजे अजिंठा मास्तरांना. मी घरी पेढे न्यायला हरकत नव्हती. पण मास्तर त्या दिवशी न सांगता निघून गेले आणि त्यांची शिट्टी माझ्या टेबलावर राहिली. मास्तर रजेवर, दोन दिवस ती डोळ्यांसमोर होती. रविवारी दुपारी मी पडेगावची बस धरली. शिट्टी द्यायची आणि जाता जाता दोन शब्द ऐकवायचे, की माणसानं एकदा नाक घासलं की धड इकडचं राहत नाही आणि तिकडचंही राहत नाही. वाक्य मी बसमध्ये घोकून ठेवलं होतं.

मास्तरांच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याची टाकी होती. टाकीपाशी रस्त्यावर फक्कीची एक रेघ दिसली. मी म्हटलं, आलं घर. चार पावलं पुढं गेले तोच टाकीच्या आडून "शुरू" असा आवाज आला आणि माझ्या बाजूनं कुणीतरी धाडधाड पळत गेलं. बघते तर शेख मास्तर. पन्नाशीचा माणूस, पायजमा वर खोचलेला, जिवाच्या आकांतानं पळतोय. मला वाटलं चोर शिरला घरात. मीही मागं पळाले.

फाटकातून आत गेले आणि थबकले. अंगणात पेरूच्या झाडापासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधली होती. सुतळीच्या अलीकडं मास्तर धापा टाकत उभे. पलीकडं जैतुनभाभी. डावा हात छातीशी वाकडा, डावा पाय ओढलेला, तोंड जरासं एका बाजूला. दोघांच्याही छात्या सुतळीला. भाभींच्या मागं अंगणभर फक्कीच्या रेघा, जुन्या फिकट होत गेलेल्या, एक आजची ठसठशीत. सुतळीपासून पहिल्या रेघेचं अंतर पाऊलभर असेल, आजचीचं सात पावलं.

"आज तो पैला नंबर दे देव जी," भाभी म्हणत होत्या.

"अपने पास पैला नंबर नक्को," मास्तर म्हणाले, आणि डबा घेऊन त्यांची रेघ वीतभर मागं न्यायला निघाले. तेव्हा त्यांना मी दिसले.

भाभींनी झटकन पदर तोंडावर ओढला. चांगल्या हातानं.

दीड वर्षापूर्वी लकवा मारला होता. दवाखान्यात सांगितलं, चालतील असं वाटत नाही. मास्तरांनी घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी अंगणात सुतळी बांधली. रोज दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. भाभींची एकच अट होती, कुणाला सांगायचं नाही आणि फाटकाच्या बाहेर न्यायचं नाही. "लोगां देखते, बाई," त्या पदराआडून म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "अजिंठ्याला नेलं तर नवं अंगण, नवी जमीन. हिचा पाय ह्या जमिनीला वळखतो. समद्या रेघा पुन्ना पहिल्यापासून."

मी घोकलेलं वाक्य विसरले. त्या शीरखुर्म्याच्या डब्यावरून मी जे बोलले होते ते मात्र आठवलं, आणि मला माझी लाज वाटली. मी शिट्टी दिली, चहा प्यायले आणि आले.

सोमवारी हेडसरांना म्हटलं, "अजिंठ्याला मी जाते."

"शेरा तुमचा उत्तम आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच तिथल्या पोरांना उपयोग होईल. मास्तरांचा शेरा घेऊन कुणाचं भलं होणार आहे?"

आमचे हे आठ दिवस धुसफुसत होते. मग स्वतःच माझी ट्रंक बांधायला बसले. स्टँडवर मास्तर आले होते. आभारबिभार काही नाही. मी एसटीत चढत होते तर पायांकडं बघून म्हणाले, "बाई, रेघ मागं कुणाची असती, म्हाईत आहे ना?"

"आहे माहीत. मला शिकवू नका," मी म्हटलं आणि खिडकीतून दुसरीकडं बघत बसले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्या माणसाला दाखवायचं नव्हतं.

अजिंठ्यात तीन वर्षं काढली. तिथल्या बाजारातून तुपाचा रिकामा डबा आणून मी त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, हे कुणाला सांगायची गरज नाही. परत बदली झाली तेव्हा पहिल्याच रविवारी मिठाईचा पुडा घेऊन पडेगावला गेले. मास्तर पाण्याच्या टाकीपाशीच उभे, हातात डबा. गुडघे गेले होते, काठी आली होती. "बरं झालं आलात. आपल्याला आता पळवत नाय. हिला जोडीदार पाहिजे," म्हणाले, आणि टाकीच्याही मागं पंचवीस पावलं जाऊन रेघ मारली. "ही तुमची."

"एवढ्या मागं? आणि माझा डावा पाय?"

"सुधारला. चपला उलट्या करून बघा."

ते काठी टेकत आत गेले. मी भर दुपारी, चाळिशीतली बाई, पदर खोचून, हातात मिठाई घेऊन रस्त्यात उभी. लोक बघत होते, बघोत. शिट्टी वाजली आणि मी पळाले. टाकी गेली, फाटक आलं, अंगणात सुतळी दिसली, पण भाभी कुठं दिसेनात. आणि मग घराच्या आतून पावलं ऐकू आली. एक टेकलेलं, एक ओढलेलं, एक टेकलेलं, एक ओढलेलं. भाभी उंबऱ्यावर आल्या, उतरल्या, अंगणातनं आल्या आणि सुतळीला आम्ही दोघी समोरासमोर एकदम लागलो. पुडा फुटला. त्या इतक्या हसत होत्या की तोंडावर पदर घ्यायचा विसरल्या.

मास्तर खाटेवर बसून सुतळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दोघी एकदम." पण खुशीत दिसेनात. "क्या बोलूं बाई, हिची रेघ अंगणातनं घरात गेली, घरातनं चुलीपाशी. चुलीच्या मागं भिंत आहे. आता रेघ न्यायची कुठं?"

"मग दोरी हलवा की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पायांकडं नाही, तोंडाकडं, पहिल्यांदाच. शेवटची रेघ हलवता येते हे एवढ्या वर्षांत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मग त्यांनी भाभींकडं बघितलं. भाभी फाटकाकडं बघत होत्या. बाहेर पोरं खेळत होती, कुणीतरी पाणी भरत होतं.

"लोगां देखते," भाभी म्हणाल्या. पण पहिल्यासारखं नाही, हळूच, विचारल्यासारखं.

"देखने देव," मास्तर म्हणाले. उठले, पेरूच्या झाडाची आणि खिळ्याची गाठ सोडली आणि सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, एक स्वतः धरलं. आम्ही दोघं फाटकाबाहेर जाऊन रस्त्यावर सुतळी धरून उभे राहिलो. साडेचार वर्षांनी जैतुनभाभी फाटकातून बाहेर आल्या आणि सुतळीपर्यंत चालत आल्या.